चार गिअर मागचे, एक पुढचा

एज्रा हॅस्केटचा मुलगा लेम्युएल, लेम्युएलचा ऑर्व्हिल आणि ऑर्व्हिलचा वेंडेल. बार्लो खोऱ्यात ही वंशावळ लहानथोर सगळ्यांना पाठ होती, पण त्यामागचं कारण मिरवण्यासारखं नव्हतं. एज्राची गाडी ओढ्यात रुतली, ती लिंडक्विस्टांच्या खेचरांनी बाहेर काढली. लेम्युएलची बर्फात रुतली, ती लिंडक्विस्टांच्या ट्रॅक्टरने काढली. ऑर्व्हिलची तर कड्याच्या रस्त्यावर एका धोंड्यावर पोट टेकून बसली, चाकं हवेत भिरभिरत राहिली. आणि त्या वेळी त्याच्या शेजारच्या सीटवर नवी नवरी होती. ती नवरी म्हणजे कॉर्नेलियाबाई. स्वतःच्या लग्नाच्या जेवणाला त्या लिंडक्विस्टांच्या साखळीला बांधलेल्या गाडीतून पोहोचल्या. ऑर्व्हिल जाऊन बरीच वर्षं झाली, वेंडेलच्या केसांत पांढरं दिसू लागलं, तरी ती साखळी बाईंच्या मनातून सुटली नव्हती.

खोऱ्याची रीत अशी होती की ओढीची फेड ओढीनेच करायची. ज्याने तुमची गाडी ओढून काढली, त्याची गाडी तुम्ही कधीतरी ओढून काढली पाहिजे. तोवर दर वर्षी सप्टेंबरच्या वनभोजनात ऋणकोच्या घरच्या कर्त्या बाईने सफरचंदाची पाई भाजून न्यायची, आणि धनकोने ती चारचौघांत, उभ्याने, ताटलीत कण न ठेवता खायची. ऋणकोच्या घरच्यांनी त्या पाईला तोंड लावायचं नाही. थोडक्यात, पाई हे व्याज आणि ओढ हे मुद्दल. हॅस्केटांच्या घरात तीन मुद्दलं थकली होती, आणि लिंडक्विस्टांची गाडी म्हणून कधी अडकत नव्हती.

कॉर्नेलियाबाईंची पाई सासूने शिकवलेली. पारीत डुकराची चरबी, सफरचंदात व्हिनेगर आणि मीठ मूठभर. नवरी म्हणून त्यांनी पहिली पाई नेली, तेव्हा म्हाताऱ्या लिंडक्विस्टांनी डोंगराकडे पाहत ती खाल्ली, मग हात पाठीमागे बांधले आणि ते एवढंच म्हणाले, "चांगली आहे." बाईंना तो माणूस गर्विष्ठ वाटला. कौतुक करताना ज्याची जीभ झिजते, त्याला आणखी खायला घालावं, म्हणून त्यांनी न विचारताच दुसरा तुकडा वाढला. तेव्हापासून दुसऱ्या तुकड्याचाही रिवाज पडला. आता त्या जागी म्हाताऱ्यांचा मुलगा ऑगस्ट उभा राहत असे. तोही बाईंच्याच वयाचा. तसाच हात पाठीमागे बांधणारा आणि तेवढंच बोलणारा. मध्ये एकदा ऑगस्टनी कृती विचारली होती, तेव्हा बाईंनी ती मोठ्या मनाने, मिठासकट सांगितली होती.

"यंदा मुद्दल फिटलं पाहिजे," वसंतात कॉर्नेलियाबाईंनी जाहीर केलं. "वेंडेल, तू शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतोस. घरासाठी एक गाडी बनव. अशी, की जी कशातच रुतणार नाही."

वेंडेलच्या मनात असली गाडी लहानपणापासून होती. चालकाची केबिन थेट पुढच्या चाकांच्या डोक्यावर, इंजिन दोन सीटांच्या मध्ये, पुढे नाक म्हणून नाहीच. त्यामुळे लांबी सगळी मागच्या हौद्याला मिळते आणि चालकाला चाकापुढचा खडासुद्धा दिसतो. एकोणीसशे अठ्ठावनची एक बसकी केबिन त्याला खाणीच्या भंगारात मिळाली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या; त्याही केबिनसोबत घरी आल्या. चाकांचे अ‍ॅक्सल लष्कराच्या जुन्या ट्रकचे आले, गिअरबॉक्स लाकूडवाल्याकडून आला, आणि चासी, म्हणजे खालचा सांगाडा, त्याने स्वतः कापून, जोडून बेतली. उन्हाळाभर गोठ्यामागच्या शेडमध्ये ठिणग्या उडत राहिल्या. कॉर्नेलियाबाई दाराशी आरामखुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक बोल्ट कुठला, कशाचा, हे विचारल्याखेरीज बसवू देत नसत.

"हा मधला लोखंडी भोपळा कसला?"

"डिफरन्शियल आहे आई. इंजिनाचा शाफ्ट यात शिरतो आणि चाकं फिरवतो."

"तुझे वडील याच्यावरच बसले होते. शाफ्ट इतका खाली का? धोंडा लागणार."

"बनवणाऱ्यानेच तसा ठेवलाय."

"बनवणाऱ्याला आपलं खोरं माहीत नव्हतं. वर घे."

वेंडेलने डोकं खाजवलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की अख्खा अ‍ॅक्सल पालथा घातला तर शाफ्ट आपोआप वर जातो. त्याने पुढचा अ‍ॅक्सल पालथा घातला, मागचाही घातला, स्टिअरिंगचे सांधे पुन्हा सुलटे बसवले. गाडीचं पोट बघता बघता वीतभर उंच झालं. बाईंनी वाकून खालून काठी फिरवून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

सून आयोनीने खिडकीतून विचारलं, "आणि ही नाही चालली तर? पाई पुढे माझ्या गळ्यात येणार ना?"

"तुला माझी कृती देईनच मी."

"तेच म्हणते मी," आयोनी म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

वनभोजनाच्या दोन दिवस आधी गाडी पुरी झाली. पोपटी रंग, गोल दिवे, चेहरा जरासा आश्चर्यचकित. बातमी खोऱ्यात पसरलेलीच होती. नाक नसलेली गाडी कशी दिसते, हे पाहायला कुंपणापाशी माणसं जमली. ऑगस्ट लिंडक्विस्ट सगळ्यांत पुढे, कुंपणावर कोपरं टेकून उभे होते. कॉर्नेलियाबाई रविवारची हॅट घालून वेंडेलच्या शेजारी चढल्या. शेडचं दार समोर सताड उघडं होतं.

"चाकं फिरवून पाहिलीस ना?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळीच तर चाकं चढवली आई. आता फिरतीलच."

वेंडेलने पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी उत्साहाने निघाली आणि शेडच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडली. भिंतीपलीकडे खुराडं होतं. खुराड्यापलीकडे भोपळ्यांचा वाफा होता, आणि तो ओलांडता ओलांडता वेंडेलला ब्रेक आठवला. केबिनमध्ये एकेकाळी नांदलेल्या कोंबड्यांपैकी दोन उडी मारून पुन्हा आपल्या जुन्या घरात, बाईंच्या मांडीवर येऊन बसल्या.

कुंपणापाशी सगळ्या माना वाफ्याकडे वळल्या. मग ऑगस्टनी हॅट काढली.

"हॅस्केटबाई, गाडी सुरेख झालीय. दार मात्र समोर होतं."

"दार जाग्यावर आहे, हे मला दिसतंय," कॉर्नेलियाबाई म्हणाल्या आणि मांडीवरच्या कोंबड्या मुद्दाम सोबत आणल्यासारख्या घेऊन खाली उतरल्या.

वेंडेलने दुसरा गिअर टाकून पाहिला; गाडी आणखी जोराने मागे गेली. तिसरा, चौथा, तोच प्रकार. रिव्हर्स टाकला तेव्हा ती मोठ्याने कण्हत, गोगलगाईच्या चालीने पुढे सरकली. इंजिनात दोष सापडेना, गिअरबॉक्समध्ये सापडेना. वेंडेल गाडीखाली पडून राहिला, आणि त्याच्या बुटांकडे पाहत आयोनी म्हणाली, "निदान गाडी माझ्या माहेरच्या दिशेने तरी जातेय."

उत्तर कॉर्नेलियाबाईंना स्वयंपाकघरात सापडलं. त्या पाईसोबतच्या सायीसाठी हाताने फिरवायची फेटणी काढत होत्या. एकाएकी त्या थबकल्या. त्यांनी फेटणी आडवी धरली, बोटाने पाती फिरवली. कडेचा दांडा पुढे फिरला. मग ती कुशीवरून पालथी केली आणि पाती पुन्हा त्याच अंगाने फिरवली. दांडा मागे फिरला. त्यांनी हे चारदा करून पाहिलं. पन्नासहून अधिक वर्षं ही वस्तू त्यांच्या हातात होती, आणि ती असं काही करते याची त्यांना कल्पना नव्हती. त्या फेटणी घेऊन थेट वाफ्यात गेल्या.

"बाहेर ये. हे बघ."

वेंडेलने पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा गाडीच्या चेहऱ्यासारखा झाला.

"अ‍ॅक्सल पालथे घातले, म्हणून चाकं उलटी फिरतात," तो म्हणाला. "हे तर नवशिक्यालाही कळतं. आई, मला कसं सुचलं नाही?"

"मलाही सुचलं नाही," त्या म्हणाल्या. 'वर घे' हा हुकूम कोणाचा, हा प्रश्न कोणी काढला नाही, आणि तो निघू नये अशाच बेताने त्या उभ्या होत्या. "सुलटे करायला किती वेळ लागेल?"

"पंधरवडा तरी. सगळंच उतरवावं लागेल. यंदा आपण घरीच राहू."

"हॅस्केट घरी राहत नाहीत. चर्चमध्ये सगळ्यांसमोर मी सांगितलंय की आपण आपल्या गाडीने वर जाणार. चार गिअर मागे जायला आहेत ना? मग मागेच जाऊ. कुरणापर्यंत रस्ता एकच आहे. त्याला आपलं तोंड कुठे आहे याच्याशी काय करायचंय?"

वनभोजनाच्या दिवशी रात्रीचा पाऊस ओसरून आभाळ निवळलं होतं. हॅस्केटांची गाडी शेपूट पुढे करून निघाली. चालक आता गाडीच्या अगदी टोकाला, पण चुकीच्या टोकाला बसला होता. त्याला फक्त आपलं गाव लहान होत जाताना दिसत होतं. म्हणून हौद्याच्या कडेला आरामखुर्ची दोरीने बांधून कॉर्नेलियाबाई दिशादर्शनाला बसल्या. हातात काठी, डोक्यावर हॅट. त्यांच्यामागे लोखंडी चूल, मक्याची पोती, बीन्सचं पातेलं आणि पाईची टोपली सांभाळत आयोनी.

"डावीकडे घे," बाई ओरडल्या.

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"माझ्या. वाट मी बघतेय."

"मग माझ्या उजवीकडे ना?"

"तुझं उजवं-डावं आज घरी ठेव. कड्याकडे जायचं नाही एवढं लक्षात ठेव."

बाकी सगळं खोरं केव्हाच वर पोहोचलं होतं. लिंडक्विस्टांची रीत शेवटी निघण्याची; वाटेत कोणी अडकला तर ओढायला ते मागे असत. त्यांच्याही मागे, गोगलगाईसारखी, ही पोपटी गाडी चढत होती. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधल्या वाटेवर दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकणार नाहीत, मग वळणं तर दूरच.

जिथे ऑर्व्हिल धोंड्यावर बसला होता, त्याच्या किंचित पुढच्या वळणावर बाईंनी काठी उंचावली. "थांब."

समोर तीन गाड्यांच्या पाठी होत्या. डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याने वाट भिजली होती आणि आधी गेलेल्या सगळ्या गाड्यांनी तिचा लगदा केला होता. टेबलं-बाकं लादलेली ऑगस्टच्या नातवाची, पेअरची गाडी त्यात आसापर्यंत रुतली. त्याला मागे ओढायला त्याच्या बापाने, नील्सने साखळी लावली, तर तोही खचला. नील्सला ओढायला ऑगस्टनी साखळी लावली. आता आजोबा, मुलगा आणि नातू एका माळेत, एका रांगेत, चिखलात उभे होते.

ऑगस्ट गुडघाभर चिखलातून चालत आले. कॉर्नेलियाबाई खुर्चीत सरळ बसल्या. या क्षणाची तालीम त्या लग्नापासून करत आल्या होत्या; पण प्रत्यक्षात त्या क्षणी त्यांना जास्त वाटलं ते कुतूहल. लिंडक्विस्ट अडकल्यावर कसा दिसतो, हे खोऱ्यात कोणी पाहिलंच नव्हतं. तो इतर कोणासारखाच दिसत होता.

"नमस्कार, हॅस्केटबाई."

"नमस्कार. वाटेत का उभे आहात?"

"देखावा बघतोय," ऑगस्ट म्हणाले. मग त्यांनी गाडीकडे नीट पाहिलं. शेपटाला भला मोठा हूक. पलीकडच्या टोकाला, उताराकडे तोंड करून बसलेला वेंडेल, आणि त्याच्या पुढ्यात काचेपलीकडे उघडी वाट. त्यांचे डोळे बारीक झाले. "आम्हाला मागे ओढायला कुणी सरळ तोंडाने वर आला असता, तर त्याला कड्यावरून पाठीनेच उतरावं लागलं असतं, आंधळ्यासारखं. आणि तुमचा वेंडेल..."

"वेंडेल समोर बघून उतरेल," बाई म्हणाल्या. "आम्ही ठरवूनच असे आलो."

केबिनमध्ये कोणीतरी खोकलं.

"उतरायला जो गिअर लागेल," वेंडेल खाली येऊन म्हणाला, "तो आमचा रिव्हर्स. सगळ्यांत संथ आणि सगळ्यांत ताकदीचा तोच. पण एक अडचण आहे. या गाडीचा भार सगळा केबिनकडे, शेपूट हलकं. ओढताना मागची चाकं उचलली जातील."

"मग?"

"मग आई, तू उतरू नकोस. वजन लागतंय."

कॉर्नेलियाबाईंनी हे वाक्य ऐकलं नाही. त्यांनी आरामखुर्ची चुलीच्या आडोशाला सरकवून घेतली, चिखलात पडून असलेले धोंडे नील्सकरवी हौद्यात चढवले आणि साखळी तुटून उसळू नये म्हणून तिच्यावर टाकायला आपला जाड कोट काढून दिला. ऑगस्टनी तो दोन्ही हातांनी घेतला.

पहिल्या खेपेला वेंडेलने रिव्हर्स टाकला. गाडी कण्हली, साखळी ताणली, कोट थरथरला, आणि ऑगस्ट लिंडक्विस्टांचा ट्रक चिखलातून दात उपटल्यासारखा सुटला. खाली, रस्ता रुंद होतो त्या जागेपर्यंत त्याला आणून ठेवलं.

"ही एज्राची," कॉर्नेलियाबाई मोठ्याने म्हणाल्या.

वेंडेल पहिल्या गिअरमध्ये, शेपूट पुढे करून पुन्हा वर आला. त्याला वळावं लागलं नाही, आणि वळायला जागाही नव्हती. नील्सची गाडी निघाली. "ही लेम्युएलची." तिसऱ्या खेपेला नातवाची टेबलं लादलेली गाडी चिखलाला फार जडली होती. इंजिन तापलं, चूल घसरली, मागची चाकं क्षणभर जमीन सोडतात की काय असं झालं. तेव्हा बाई न सांगताच उठल्या आणि हौद्याच्या अगदी कडेला जाऊन, चूल घट्ट धरून, ठाण मांडून उभ्या राहिल्या. चाकं टेकली. गाडी सुटली.

"आणि ही ऑर्व्हिलची," त्या म्हणाल्या. पण या वेळी आवाज जरा खाली आला होता.

त्या झटक्यात पाईची टोपली दरीत गेली. कशी गेली ते कोणी पाहिलं नाही. तिच्याजवळ फक्त आयोनी बसली होती, आणि ती त्या वेळी ढगांकडे बघत होती.

"अरेरे," ऑगस्ट म्हणाले. दरीकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते बाईंना दुःख वाटलं.

"वाईट वाटून घेऊ नका. ओढीची फेड झाली. आता पाई द्यायची नसते."

"कधीच?"

"कधीच."

ऑगस्टनी दरीवरून नजर वळवली. मग म्हणाले, "पण आज तुम्ही आम्हाला ओढलंत. ओढलेल्या घराने निदान एक पाई तरी आणली पाहिजे. आमच्या घरात आता बाई नाही. मीच भाजीन."

लगद्यावर फांद्या आणि दगड अंथरून सगळे दुपारपर्यंत कुरणावर पोहोचले. हॅस्केटांची गाडी तिथेही शेपूट पुढे करूनच आली. खाणवाल्यांनी, लाकूडवाल्यांनी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. कड्यावर कोणाला मागे ओढायचं तर हीच रचना हवी, असं दोघा-चौघांनी वेंडेलला गंभीरपणे सांगितलं. एकाने आपल्या गाडीचे अ‍ॅक्सल पालथे घालायला किती खर्च येईल, हेही विचारलं. वेंडेल आईकडे पाहत राहिला. आई डोंगराकडे पाहत होत्या.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर, चर्चच्या हिरवळीवर, सगळ्या खोऱ्यादेखत ऑगस्ट लिंडक्विस्ट ताटली घेऊन आले. पारी अंमळ करपलेली होती, पण पाई घसघशीत दिसत होती. कॉर्नेलियाबाई रीतीप्रमाणे उभ्या राहिल्या. या ताटलीची वाट त्यांनी नवरी असल्यापासून पाहिली होती.

"कृती तुमचीच," ऑगस्ट म्हणाले. "तुम्ही सांगितली होतीत ना, तशीच केली. जरादेखील फेरफार केला नाही. मीठसुद्धा तेवढंच."

बाईंनी पहिला घास घेतला.

पारी घोड्याच्या खोगिरासारखी होती. ती दातांखाली वाकली, तुटली नाही. मग व्हिनेगर आलं, आणि व्हिनेगरच्या मागोमाग मीठ. सफरचंद कुठेतरी पाठीमागे, फार लांबून हाक मारत होतं. ऋणकोच्या घराने पाईला तोंड लावायचं नसतं. आपल्या हातची चव कॉर्नेलियाबाई आयुष्यात पहिल्यांदा घेत होत्या. त्यांनी वर पाहिलं. वेंडेल बुटांकडे पाहत होता. आयोनीचं लक्ष ढगांत होतं. आणि ऑगस्ट लिंडक्विस्ट हात पाठीमागे बांधून, निर्विकार चेहऱ्याने उभे होते; हुबेहूब तसेच, जसे त्यांचे वडील उभे राहत, आणि त्या उभं राहण्याला इतकी वर्षं बाई गर्व समजत आल्या होत्या.

हातात ताटली असल्याने कॉर्नेलियाबाईंना हात पाठीमागे नेता येईनात, म्हणून त्यांनी मान तेवढी ताठ केली. डोंगराकडे पाहत, ताटलीत कण न ठेवता, त्यांनी तो तुकडा संपवला.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या.

ऑगस्टनी मान लववली. मग सुरी उचलून, न विचारताच, त्यांनी दुसरा तुकडा कापला आणि बाईंच्या ताटलीत वाढला. कॉर्नेलियाबाईंनी त्या तुकड्याकडे पाहिलं, ऑगस्टकडे पाहिलं आणि काटा पुन्हा उचलला. तोही त्यांनी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, आणि हॅस्केटांवरचं लिंडक्विस्टांचं जुनं देणं व्याजासकट फिटलं.